डायरेक्ट सेकंड इयर, इलेक्ट्रिकल

डिप्लोमा संपवून २०१२ साली मी पुण्यातल्या एका कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला, इलेक्ट्रिकलला आले. कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेशाचा, फॉर्म भरताना सायबर कॅफेतला मुलगा सारखा विचारत होता, "ताई, कॉम्प्युटर टाकायचं राहिलं का?" राहिलं नव्हतं. मोहोळला आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे आणि त्या धंद्यातलं एक कोडं मला सुटत नव्हतं. एवढ्यासाठी कुणी इंजिनिअरिंगला जातं का, असं विचाराल तर माझ्याकडे उत्तर नाही. पण तीन वर्षांतला बराचसा अभ्यास मी त्या कोड्याच्या मागे लागून केला, हे खरं.

कोडं असं. उन्हाळा लागला, विहिरींची पातळी खाली गेली की दुकानापुढे जळालेल्या मोटरींची रांग लागते. आप्पा, म्हणजे माझे वडील, झाकण काढून स्टेटरमध्ये, म्हणजे कॉइली भरलेल्या स्थिर भागात, नुसतं डोकावतात आणि म्हणतात, "दोन फेजवर चाललीय." तीन फेजच्या चालू मोटरीची एक फेज मध्येच गेली तर ती थांबत नाही. घरघरत फिरत राहते, पाणीही थोडंफार येतं, आणि शेतकरी शेवटच्या सरीला असतो तोवर आत जळून जाते. मोटर डेल्टा जोडणीची असेल, म्हणजे तिन्ही वाइंडिंग टोकाला टोक लावून त्रिकोणात जोडलेल्या, तर तीनपैकी एकाच फेजच्या कॉइली काळ्या पडतात, उरलेल्या दोन फेजच्या कॉइलींवरचं वार्निश तसंच सोनेरी. स्टार असेल, म्हणजे तिघींचं एकेक टोक मध्ये एकत्र बांधलेलं, तर उलट, दोन फेज जळालेल्या आणि एक नवीकोरी. आप्पांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. शेतकरी शपथेवर सांगत असतो की लाईट एकदम नीट होती. आप्पा कॉइलींकडे बघतात आणि वाद घालत नाहीत.

त्यांची एक वही आहे. कुठल्या कंपनीच्या किती हॉर्सपॉवरच्या मोटरीला किती स्लॉट, किती टर्न, तारेचा गेज काय, पिच काय, सगळं पेन्सिलीने. तार कितीची, स्लॉटमध्ये घालायचा लेदरॉइडचा इन्सुलेशन कागद किती जाडीचा, हे मी शाळेत असल्यापासून त्या वहीतून वाचून दाखवायची आणि सुट्टीत कॉइली भरायला बसायची. स्लॉटमध्ये तार बोटाने दाबत, वरून बांबूची पट्टी सरकवत. एक जळते की दोन, हे जोडणीवर अवलंबून असतं, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. का, ते डिप्लोमातही नीट कळलं नाही. तिथे 'सिंगल फेजिंगमुळे मोटर जळते, म्हणून प्रिव्हेंटर लावावा' असं एका वाक्यात उत्तर होतं आणि त्याला दोन मार्क होते. प्रिव्हेंटर म्हणजे एक फेज गेली की मोटर बंद करणारा डबा.

कॉलेजात आल्या आल्या गाठ पडली ती एम-थ्रीशी. डिप्लोमावाल्यांना पहिलं वर्ष नसतं, म्हणजे एम-वन आणि एम-टू ही दोन्ही गणितं न करता थेट तिसऱ्यात उडी. लाप्लास, फूरिए, झेड ट्रान्सफॉर्म, व्हेक्टर कॅल्क्युलस, कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स. सर फळ्यावर इंटिग्रेशनची एक पायरी गाळायचे आणि बारावीहून आलेली पोरं मान डोलवायची. आम्ही डिप्लोमावाले मागच्या बाकांवर बसून ती गाळलेली पायरी शोधत असायचो आणि तोवर फळा पुसला जायचा.

प्रॅक्टिकलला मात्र चित्र पालटायचं. डीसी मोटरच्या थ्री-पॉइंट स्टार्टरचा हँडल किती वेगाने पुढे न्यायचा, फील्डचा रिओस्टॅट सुरुवातीला कुठे ठेवायचा, वॉटमीटरचा काटा उलटा गेला तर काय बदलायचं, हे बारावीवाल्यांनी फक्त आकृतीत पाहिलेलं. त्यातून एक सरळ व्यवहार ठरला. हॉस्टेलवर त्या मुली मला इंटिग्रेशन शिकवायच्या आणि मी त्यांची कनेक्शन तपासून द्यायची. माझ्या मते त्या वर्षाचं खरं शिक्षण त्या देवाणघेवाणीत झालं. वर्गात बसून फारसं काही हाती लागलं असं वाटत नाही.

मशीन लॅबमध्ये राज्य मामांचं, म्हणजे तिथल्या लॅब अटेंडंटचं. प्राध्यापक ग्रुप पाडून द्यायचे आणि खुर्चीत बसायचे. कनेक्शन मामांनी बघितल्याशिवाय सप्लाय मिळायचा नाही. मुलींनी ओढणी कमरेला बांधायची, वेणी कॉलरच्या आत घालायची, चप्पल घालून आलेल्याने बाहेर थांबायचं, तो मुलगा असो की मुलगी. ब्रेक ड्रमवर पाणी ओतायला तांब्या ठेवलेला असायचा. लोड टेस्टला पट्टा ताणला की ड्रम तापून वाफ निघायची, आणि रीडिंग घेणाऱ्याने घाई केली नाही तर सगळ्या लॅबभर जळक्या पट्ट्याचा वास. दुकानात वाढल्यामुळे मला तो वास घरचाच वाटायचा.

आमचे प्रवेश चालू असतानाच उत्तर भारतातली वीज गेली होती. ३० जुलै २०१२ च्या पहाटे नॉर्दर्न ग्रिड कोसळलं आणि ३१ जुलैला दुपारी नॉर्दर्न, ईस्टर्न आणि नॉर्थ-ईस्टर्न अशी तिन्ही. साठ कोटींहून जास्त लोक अंधारात होते. वीजनिर्मिती या विषयाच्या पहिल्या काही तासांतच सरांनी विचारलं, "मग आपली लाईट का नाही गेली?" वर्ग गप्प. मोहोळला तर रोजचं भारनियमन चालू होतं, त्यामुळे आमची लाईट गेली नव्हती असं म्हणणंही मला अवघड होतं! सरांनी नकाशा काढला. पश्चिमेकडून उत्तरेकडे वीज नेणाऱ्या लाईनींपैकी बऱ्याच त्या वेळी बंद होत्या, सगळा भार बिना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाईनवर आला आणि ती ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. त्या लाईनवर फॉल्ट नव्हताच. लाईनवर फॉल्ट दिसला की ती तोडणारा डिस्टन्स रिले व्होल्टेज आणि करंटचं गुणोत्तर मोजतो. करंट फार वाढला आणि व्होल्टेज पडलं, तेव्हा त्याला लांब कुठेतरी फॉल्ट आहे असं दिसलं. उत्तर तुटल्यावर पश्चिमेकडे वीज उलट जास्त झाली, फ्रिक्वेन्सी वर गेली, पण आपलं ग्रिड टिकलं. रिले त्याच्या सेटिंगप्रमाणे बरोबर वागला आणि तरी एवढा गोंधळ झाला, हे मला फार चमत्कारिक वाटलं. आजही वाटतं.

तिसऱ्या वर्षी अल्टरनेटर, म्हणजे एसी जनरेटर, आला. सिंक्रोनायझेशनचं, म्हणजे तो चालू लाईनला जोडण्याचं, प्रॅक्टिकल कुणी विसरत नाही, कारण त्यात भीती असते. डीसी मोटरने अल्टरनेटर फिरवायचा, चार पोलचा म्हणून १५०० आरपीएमला आणायचा, फील्ड वाढवून व्होल्टेज लाईनच्या व्होल्टेजएवढं करायचं. मध्ये एक स्विच, आणि स्विचच्या तिन्ही फेजवर दिवे. प्रत्येक फेजला दोन दिवे सिरीजमध्ये, कारण दोन्ही बाजू उलट पडल्या तर तिथे फेज व्होल्टेजच्या दुप्पट येतं आणि एकटा दिवा उडतो. फ्रिक्वेन्सीत जेवढा फरक, तेवढ्या वेळा सेकंदाला दिवे लुकलुकतात. ते एकामागून एक पेटायला लागले तर फेज सीक्वेन्स उलटा, मग बंद करून दोन तारा अदलाबदल. तिन्ही एकदम पेटून एकदम विझत असतील तर ठीक. स्पीड बारीक बारीक हलवत ते लुकलुकणं इतकं सावकाश करायचं की विझलेल्या काळाच्या मधोमध स्विच टाकता यावा.

आमच्या ग्रुपमध्ये स्विच टाकायला कुणी पुढे येईना. मी टाकला. काही झालं नाही, आणि काही न होणं हेच त्या प्रयोगाचं यश. मशीनचा आवाज किंचित बदलला, बस. मग मामा म्हणाले, "आता मोटरचं फील्ड कमी कर, बघ स्पीड वाढतोय का." कमी केलं. एकट्या मोटरचा स्पीड लगेच वाढला असता, इथे काटा हलला नाही. वाढला तो वॉटमीटर. जगातल्या एवढ्या मोठ्या जाळ्याला जोडल्यावर आपल्या मशीनला स्वतःचा वेग राहत नाही, जास्त जोर लावला की जास्त वीज जाते. अल्टरनेटरचं एक्सायटेशन, म्हणजे त्याचं फील्ड, हलवलं तर वॉट तेवढेच आणि पॉवर फॅक्टर बदलतो. पुस्तकात या दोन गोष्टींना दोन प्रकरणं आहेत. मला त्या दोन नॉब फिरवून कळल्या.

त्याच वर्षी, ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईनने दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं. त्याआधी दक्षिणेची फ्रिक्वेन्सी वेगळी चालायची आणि वीज द्यायची-घ्यायची ती डीसी करून. त्यातलं एक स्टेशन आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला आहे, एका बाजूने एसी आत, मध्ये डीसी, दुसऱ्या बाजूने पुन्हा एसी. त्या दिवसापासून अख्खा देश एका फ्रिक्वेन्सीवर. मी घरी होते. आप्पांना सांगितलं की आपल्या सोलापुरात एवढं मोठं काम झालं. त्यांनी विचारलं, "मग आता रात्रीची लाईट दिवसा मिळणार का?" मी म्हटलं, त्याचा याच्याशी थेट संबंध नाही. "मग राहू दे," असं म्हणून ते वार्निशचा डबा उघडायला लागले. मी मात्र दिवसभर डोक्यात ते दिवे घेऊन फिरत होते. आमच्याकडे काही किलोवॉटचं मशीन होतं, तिथे हजारो मेगावॉटची दोन ग्रिडं, पण अटी त्याच: व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, फेज. फक्त तिथे दिव्यांऐवजी रिले आणि सिंक्रोस्कोप.

परीक्षा, सबमिशन, जर्नल यांबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. सर्कल डायग्राम काढताना स्केल चुकीची धरली की वर्तुळ कागदाबाहेर जातं आणि सगळं पुन्हा, हे इंडक्शन मोटर शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. ओरलला येणारे एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, दोन प्रकारचे: एक नेमप्लेट वाचायला लावणारे, दुसरे व्याख्या विचारणारे. पहिल्या प्रकारच्यांसमोर मी निभावून जायची. हे चालू असताना २०१४ च्या ऑगस्टमध्ये पुणे विद्यापीठाचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, त्यामुळे आमच्या जुन्या मार्कशीटवर एक नाव आहे आणि पदवीवर दुसरं.

कोडं सुटलं ते तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरला, आणि मशीनच्या तासाला नव्हे, पॉवर सिस्टिमच्या. सोपा अर्धा भाग खरं तर आधीच सुटायला हवा होता. डेल्टा मोटरची एक लाईन गेली की एक वाइंडिंग उरलेल्या दोन लाईनींमध्ये एकटी येते आणि बाकीच्या दोन एकमेकींच्या सिरीजमध्ये तिच्या समांतर. सोप्या हिशेबात एकटीला दोन तृतीयांश करंट, त्या दोघींना एक तृतीयांश. एकीला दुप्पट, म्हणून एकच फेज काळी. स्टारमध्ये गेलेल्या लाईनची वाइंडिंग मोकळीच राहते, तिच्यात करंट शून्य, आणि उरलेल्या दोघींतून सगळा लाईन करंट. म्हणून दोन काळ्या, एक नवीकोरी. एवढंच होतं. इतकी वर्षं ते डोळ्यांसमोर होतं, पण वाइंडिंगकडे मी कायम तारेचं वजन म्हणून पाहत आले होते, त्यात करंट वाटून जातो असं कधी मनात आलं नव्हतं.

दुसरा अर्धा अवघड. मोटर थांबत का नाही, आणि करंटच्या मानाने जास्त का तापते? चार्ल्स फोर्टेस्क्यू नावाच्या इंजिनिअरने १९१८ साली दाखवलं की तीन फेजचा कसलाही असमतोल संच घ्या, तो तीन समतोल संचांची बेरीज म्हणून लिहिता येतो: सरळ क्रमाचा, उलट क्रमाचा, आणि तिन्ही फेज एकाच वेळी एकाच दिशेला असणारा. एक लाईन तुटली की गणितात सरळ आणि उलट क्रमाचे करंट सारख्याच मापाचे निघतात. सरळ क्रमाचा करंट मोटर पुढे फिरवतो, उलट क्रमाचा मागे. दोन बैल एकाच जोखडाला उलट्या तोंडांनी जुंपावेत तसं. मोटर आधीच पुढे फिरत असल्यामुळे पुढचा बैल जिंकतो, म्हणून ती थांबत नाही. आणि थांबलेली असेल तर दोघांची बरोबरी होते, म्हणून ती दोन फेजवर सुरू होत नाही, नुसती गुणगुणते. उलट फिरणाऱ्या फील्डच्या दृष्टीने रोटर, म्हणजे मोटरचा आतला फिरता भाग, जवळजवळ दुप्पट वेगाने विरुद्ध जातो, रोटरमध्ये १०० हर्ट्झच्या आसपासचा करंट वाहतो, आणि रोटरही तापतो. उलट क्रमासाठी मोटरचा विरोध अगदी कमी, अडकलेल्या मोटरीएवढाच. त्यामुळे व्होल्टेज थोडं असमतोल झालं तरी करंट त्याच्या सहा-सात पट असमतोल होतो.

हे सर फळ्यावर मांडत होते तेव्हा माझ्यासमोर फेजरचे बाण नव्हते, दुकानातले स्टेटर होते. त्याच संध्याकाळी आप्पांना फोन करून अर्धा तास समजावलं. बैलांचं त्यांना पटलं. करंटच्या वाटणीचं ऐकून, तारेभोवती अडकवून करंट मोजायच्या टाँग टेस्टरची आठवण काढत म्हणाले, "म्हणजे टाँग टेस्टर लाईनला लावून कळायचं नाही. आतल्या वाइंडिंगला लावायला पाहिजे." मी थबकले, कारण हे सरांनी सांगितलं नव्हतं. डेल्टा मोटरीत लाईनच्या करंटवरून वाइंडिंगचा करंट ओळखताना नेहमीचा वर्गमूळ तीनचा हिशेब एक फेज गेल्यावर लागूच पडत नाही. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले लाईनचा करंट बघतो, आणि मोटर अर्ध्यापाऊण लोडवर असेल तर त्याला गडबड कळेपर्यंत आतली एक वाइंडिंग जळून गेलेली असू शकते.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट यातूनच निघाला. ग्रुपमधल्या बाकीच्यांना सोलर हवं होतं, कारण त्या वर्षी सगळ्यांना सोलर हवं होतं. मी मोटरचं संरक्षण लावून धरलं. बाजारातले स्वस्त प्रिव्हेंटर तीन फेजचं व्होल्टेज बघतात. पण फिरती मोटर स्वतःच तुटलेल्या टर्मिनलवर व्होल्टेज तयार करते, जवळजवळ पूर्ण, आणि प्रिव्हेंटर फसतो. खेड्यात आणखी एक प्रकार होतो. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, ११ केव्हीचा एक डीओ फ्यूज उडाला की ट्रान्सफॉर्मर डेल्टा-स्टार असल्यामुळे खाली एका फेजला पूर्ण आणि दोन फेजना अर्धं व्होल्टेज मिळतं. घरातले दिवे डिम होतात, मोटरवाला मात्र म्हणतो तीनही फेज आहेत. म्हणून आम्ही करंट मोजायचं ठरवलं. करंट मोजायला तीन सीटी (छोटे करंट ट्रान्सफॉर्मर), एक मायक्रोकंट्रोलर, उलट क्रमाचा हिस्सा काढायचा आणि ठरावीक टक्क्यांपुढे गेला की कॉन्टॅक्टर पाडायचा, म्हणजे मोटरची वीज तोडायची.

लॅबमध्ये उत्तम चाललं. एक फ्यूज काढला की दोन-तीन सेकंदांत टप्. मग सुट्टीत तो डबा मोहोळला नेला आणि ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवर लावला. पुढच्या खेपेला गेले तर डबा जागेवर, पण तारांनी बायपास केलेला. त्याचं म्हणणं साधं होतं. रात्री लाईट येते तेव्हा पुष्कळदा दोनच फेज असतात. तो गेलेल्या फेजच्या जागी बहात्तर एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कंडेन्सर लावून मोटर ओढतो, डाळिंबाला पाणी मिळतं. तुमचा डबा लाईट असून मोटर बंद करतो, मग त्याचा उपयोग काय? मोटर जळाली तर बघू. जळालेली मोटर भरायला आप्पा आहेतच.

मी चिडून घरी आले. आप्पा म्हणाले, "त्याला चालवू दे की. पण जळायच्या आधी थांबव. तेवढं करता येतं का बघ." आम्ही दुसरी आवृत्ती केली ती या वाक्यावर. एक स्विच ठेवला, तीन फेज किंवा दोन फेज. दोन फेजच्या बाजूला उलट क्रमाची अट ढिली आणि त्याऐवजी सीटी लाईनवरून काढून प्रत्येक वाइंडिंगच्या तारेवर, म्हणजे डेल्टाच्या आत. मोटरीच्या टर्मिनल बॉक्समध्ये सहाही टोकं बाहेर असतील तरच हे जमतं, आणि पाणबुडी मोटरीच्या बऱ्याच मॉडेलांत तीनच येतात, ही त्याची मर्यादा. ओरलला आलेल्या एक्स्टर्नलनी ती बरोबर पकडली. ते पहिल्या प्रकारातले होते. त्यांनी पुढे विचारलं की कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर चालवणं हे बरोबर का. मी म्हटलं, बरोबर नाही, पण चालवतात. त्यांनी मान हलवून पुढचा प्रश्न विचारला.

कॅम्पसला बहुतेक आयटी कंपन्या आल्या, 'सगळ्या ब्रांच चालतील' म्हणत. वर्गातली अर्धीअधिक मुलं तिकडे गेली, त्यात लॅबमध्ये माझ्यापेक्षा चांगला हात असलेलीही होती. मला त्याबद्दल तक्रार करवत नाही, पगाराचा आकडाच तसा होता. मी भोसरीत मोटर कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात टेस्टिंगला लागले. आमच्या पॅनलमधल्या रिलेंना उलट क्रमाच्या करंटचं सेटिंग असतं. ते किती टक्क्यांवर आणि किती सेकंदांवर ठेवायचं, यावर डिलिव्हरीच्या आधी ग्राहकाच्या माणसाशी हमखास खटका उडतो. त्याला ट्रिपिंग नको असतं. मी आधी विचारते की मोटर मध्येच थांबली तर प्लांटमध्ये काय होतं, आणि बहुधा आम्ही आधी अलार्म, मग थोडा वेळ देऊन ट्रिप, यावर येतो. टेस्ट शीटवर दोघांच्या सह्या घेते, कारण मोटर जळाली की फोन मलाच येतो.